"मॅडम, मलाही होईल का?"

वर्गात स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार शिकवायचा म्हटलं की शिक्षक हमखास विचारतात, "पोरं घाबरायची नाहीत ना?" माझा अनुभव असा, की काही पोरं आधीपासूनच घाबरलेली असतात, फक्त विचारायला कुणी नसतं. सांगली जिल्ह्यात तासगावकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातला हा प्रसंग. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

एका मुलाला फळ्यावर लांबलचक वजाबाकी दिली. दोघांना त्याच्या कानाशी सतत कुजबुजायला सांगितलं, "सगळे तुझ्याकडंच बघतायत. लिहू नकोस." वर्ग हसत होता. तिसऱ्या आकड्यावर खडू अडला आणि पोरगा वैतागून ओरडला, "अरे, गप बसा की!" मग मी सांगितलं, या आजारात असे आवाज खरोखर ऐकू येतात आणि गप करायला समोर कुणीच नसतं.

पण नुसत्या या खेळानं कणव येते तशी भीतीही वाढते. म्हणून उपचारांनी सावरलेल्या माणसाला, त्याची तयारी असेल तर, मी सोबत नेतेच. त्या दिवशी आलेले दादा बेदाण्याच्या शेडवर हिशेब बघतात. "गोळ्यांनी वजन वाढलं, पण आवाज मागं पडले," म्हणाले. पोरांनी पगार विचारला, लग्नाचं विचारलं. ते मनमोकळेपणानं बोलले आणि वर्ग सैलावला.

तास सुटल्यावर एक मुलगी थांबली. आईला हाच आजार. आजी करणी म्हणून देवऋष्याकडं नेते. "मॅडम, मलाही होईल का?"

मी आकडा लपवला नाही. आयुष्यात कधीतरी हा आजार शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर साधारण दहाजणांना. म्हणजे बहुतेकांना होत नाही. गांजापासून लांब राहा, जागरणं टाळ. आवाज ऐकू यायला लागले किंवा उगाच संशय वाटू लागला, तर लगेच सांग. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.

मग तिनं हळूच विचारलं, "पप्पा आईला गोळ्या चहातून देतात. चालतं?" नाही बाळा. आधीच संशयानं पोखरलेल्या माणसाला ते कळलं, तर घरच्या चहावरचाही विश्वास उडतो. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, ते आईला चालेल का विचारा. पुढच्या वेळी पप्पांना घेऊन ये, आपण तिघं बोलू.