अश्वथ दामोदरन यांचं शिक्षण काय झालंय? आणि वाणिज्य शाखेत न शिकलेल्याला त्यांचे व्हॅल्युएशनचे, म्हणजे कंपनीचं मूल्य काढायला शिकवणारे, तास झेपतील का?

झेपतील, फक्त ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वाचता यायला हवं. दामोदरन मूळचे चेन्नईचे. तिथे बी.कॉम., मग आयआयएम बंगळूर, पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून एमबीए आणि पीएचडी. १९८६ पासून ते न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न स्कूलमध्ये शिकवतात. मी त्यांचा पूर्ण अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावरून केलाय. व्याख्यानं, स्लाइड्स, जुने पेपर, एक्सेल शीट, सगळं फुकट. सूत्रांचं अवडंबर नसतं. आधी कंपनीची गोष्ट सांगा, मग तीच वाढ, नफ्याचं प्रमाण, पुनर्गुंतवणूक आणि जोखीम या आकड्यांत उतरवा, असा त्यांचा आग्रह. आणि चुकलं तर तेही उघड्यावर: २०१४ मध्ये त्यांनी उबरचं मूल्य सुमारे ६ अब्ज डॉलर काढलं, तेव्हा गुंतवणूकदार १७ अब्ज धरत होते. बाजारपेठ आपण फार लहान धरली, हे त्यांनी नंतर मान्य केलं. (असं करणारे प्राध्यापक किती असतात?)

एक अडचण आहे. बरीचशी उदाहरणं अमेरिकी कंपन्यांची असतात. भारतीय कंपनीसाठी सरकारी रोख्याचा व्याजदर जसाच्या तसा जोखीममुक्त (पैसे बुडायची भीती नसलेला) दर म्हणून धरू नका. त्यातून देशाच्या पतजोखमीचा, म्हणजे सरकार कर्ज बुडवेल या शक्यतेचा, वाटा वजा करायला ते सांगतात, आणि नवखे नेमके तिथेच घसरतात.

ताळेबंद कच्चा असेल तर त्यांचाच अकाउंटिंगचा छोटा कोर्स आधी उरका.