पळणारी गाडी, मोठा कुत्रा आणि संत्र्याचा पैसा

वरूड तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. सहा एकर संत्र्याचा बगीचा, पत्नी शिक्षिका, तिचा हातात येणारा पगार 52 हजार, मुलगी पाचवीत. बगीच्यातून चांगल्या वर्षी खर्च वजा जाता साडेपाच-सहा लाख उरतात, वाईट वर्षी दीड. यंदा आंबिया बहाराचे (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या पिकाचे) 6 लाख हाती आले आहेत, शिवाय 4 लाखांची एफडी आहे. मनात नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे. ती रस्त्यावर येईपर्यंत 20 लाख होतात, त्यातले 6 लाख रोख आणि 14 लाखांचं सात वर्षांचं कर्ज. नागपुरात फोक्सवॅगनचीच 2022 ची जुनी टायगुन जीटी एसयूव्हीही पाहून ठेवली आहे, मालक 11 लाख सांगतो. घरी शेरू आहे, 38 किलोचा जर्मन शेफर्ड. ‘गाडी पळणारी हवी, शेरू मागे नीट बसला पाहिजे. आयुष्यात एकदा हौस करू का?’

हौस जरूर करा. बगीच्यात राबणाऱ्या माणसाने चांगली गाडी चालवू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं हप्त्याबद्दल आहे. तो चांगल्या वर्षावर बेतू नका, वाईट वर्षावर बेता.

14 लाख साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे 22,900 रुपये जातील. म्हणजे ताईंच्या पगारातले 44 टक्के. व्याज सव्वापाच लाखांच्या घरात. शोरूमवाला सात वर्षं सुचवतो, कारण त्यामुळे हप्ता लहान दिसतो. पण पाच वर्षांनी तुमच्याकडे अजून सुमारे 5 लाख फेडायचे राहिलेले असतील आणि विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत निम्म्यावर आलेली असेल. त्या काळात बगीचा कसा राहील, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ऑगस्टमधली फळगळ, गारपीट, आटलेली बोअर. बांगलादेशने आयात शुल्क वाढवल्यावर भाव कसे बसले, तेही तुम्ही पाहिलं आहे. बँकेचा हप्ता यातलं काहीच ऐकून घेत नाही.

आता गाडीकडे येऊ, कारण इथे तुमचं नशीब चांगलं आहे. व्हर्टस जीटी आणि टायगुन जीटी या दोन्हींत एकच 1.5 लिटरचं टर्बो पेट्रोल (टीएसआय) इंजिन आहे, ताकद 150 पीएस आणि ओढ (टॉर्क) 250 न्यूटन मीटर. टायगुन थोडी उंच असल्याने वळणावर जरा जास्त कलते, पण तुम्हाला हवा तो जोर तिच्यातही आहे. व्हर्टसची डिक्की 521 लिटरची, टायगुनची 385 ची. कागदावर व्हर्टस मोठी ठरते, पण ती सेडान आहे. बंद डिक्कीत कुत्रा ठेवता येत नाही, त्यामुळे शेरू मागच्या सीटवर येणार आणि मुलीची जागा जाणार. टायगुनमध्ये डिक्कीवरचा ट्रे काढला आणि मागची सीट एका बाजूने पाडली की शेरूला लांब पाय करून पडायला जागा होते, शेजारी मुलगीही बसते. शेरूपुरतं पाहिलं, तर स्वस्त गाडीच उजवी आहे. पांदणीवरून वावरात जातानाही तिची उंची कामी येईल.

जुन्या गाडीचा हिशेब असा बसतो. 5 लाख रोख, 6 लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं, 12 टक्के धरा, मुदत चार वर्षं. हप्ता 15,800, एकूण व्याज 1 लाख 58 हजार. हा हप्ता एकट्या पगारातून निघतो, बगीच्याकडे बघावं लागत नाही. संत्र्याच्या पैशातला उरलेला 1 लाख आरसी नावावर करणे, विमा आणि टायर यांसाठी ठेवा. मूळ टायर असतील तर आधी तेच बदला, चार टायरचे 40 हजारांच्या आसपास होतील. पुलगाव किंवा धामणगावहून समृद्धीवर चढलात की 120 पर्यंत मुभा आहे, आणि तापलेल्या काँक्रीटवर जुनाट टायरचा भरवसा धरू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका, ते स्वतः वाचा.

गिअरबॉक्सचं नक्की विचारा. टायगुनच्या सुरुवातीच्या जीटीला सहा गिअरचा मॅन्युअल होता, जीटी प्लसला डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. तुमच्या परिस्थितीत मी मॅन्युअलच घेईन. डीएसजीचं मोठं काम निघालं, तर खर्च लाखाच्या घरात जातो. कंपनीची मूळ वॉरंटी चार वर्षं किंवा 1 लाख किलोमीटरची असते, म्हणजे 2022 च्या गाडीची 2026 मध्ये संपते. मालकाने ती वाढवून घेतली आहे का, ते कागदावर पाहा. घेतली नसेल, तर भाव पाडायला तुम्हाला जागा आहे. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

जोरात चालवलेली टर्बो पेट्रोल लिटरला 12 किलोमीटर देईल असं धरा. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात, तर पेट्रोलचे पावणेनऊ हजार वेगळे. हप्त्याच्या नादात हा आकडा बहुतेक जण विसरतात.

एफडीला हात लावू नका. आंबियाने दगा दिला, तर ती घराचं एक वर्ष काढून देईल. पीककर्जाचा पैसाही गाडीत घालू नका, मग कितीही स्वस्त वाटो.

शेरूसाठी पट्टा आणि मधली जाळी घ्याच. शंभरच्या वेगात करकचून ब्रेक लागला, तर 38 किलोचा कुत्रा पुढे मुलीवर येऊन आदळतो. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात त्याला बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका, काच थोडी उघडी असली तरीही.

नागपूरला गाडी बघायला जाल, तेव्हा शेरूला सोबत न्या. त्याला डिक्कीत चढवून दार लावून पाहा, डोकं छताला टेकतं का, वळून बसता येतं का. बसला, तर 11 चे साडेदहा करून घ्या आणि आणा गाडी. नाही बसला, तर महिंद्राची एक्सयूव्ही 3एक्सओ टीजीडीआय (टर्बो पेट्रोल) तशीच तपासा. तिचं 1.2 लिटरचं इंजिन 130 पीएसचं आहे, आणि चार मीटरच्या आतली व एवढ्या लहान इंजिनाची असल्याने नव्या गाडीवर सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्केच आहे, मोठ्या गाड्यांना 40. फक्त कर्जाचा आकडा तिथेही 6 लाखांच्या पुढे जाऊ देऊ नका.