सोने-स्टीलचे सबमरिनर घ्यावे का? आमच्या घरातल्या घड्याळावरून दिलेले उत्तर

आपला प्रश्न असा आहे की, ओळखीच्या एका विक्रेत्याकडे १९९० च्या सुमाराचे सोने आणि स्टील असे टू-टोन रोलेक्स सबमरिनर, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेले घड्याळ, आले आहे. ते घ्यावे की थोडे थांबून पूर्ण स्टीलचे घ्यावे, टू-टोन दिखाऊ दिसते का, आणि पुढे विकताना त्याला भाव येतो का. प्रश्नाच्या शेवटी आपण सहज जाता जाता लिहिले आहे की, विक्रेता ते ‘पॉलिश करून अगदी नव्यासारखे’ देणार आहे. त्या एका वाक्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसले आहे.

माझे वडील व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होते. १९८९ साली सिंगापूरला जहाज लागले असताना त्यांनी हेच मॉडेल घेतले: क्रमांक १६६१३, निळी तबकडी आणि निळे बेझल, म्हणजे काचेभोवतीचा फिरता भाग. हे मॉडेल १९८८ साली बाजारात आले होते, म्हणजे घड्याळ तेव्हा अगदी नवे होते. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात तीन पिढ्या राहणारे. एवढ्या पैशांत माझ्या बांगड्या झाल्या असत्या, असे आई पुढची कित्येक वर्षे म्हणत असे आणि बाबा त्यावर काहीही बोलत नसत. ते सुट्टीवर घरी आले की मला लालबागच्या तरणतलावावर घेऊन जात. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. ते तलावाच्या काठावर बसत, बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवत आणि मी किती मिनिटे न थांबता पोहले ते मला नंतर सांगत. बेझल फिरताना होणारा तो बारीक, घट्ट आवाज माझ्या अजून कानात आहे. एका पूर्ण फेऱ्यात असे १२० टप्पे असतात आणि ते एकाच दिशेने, डावीकडे फिरते. चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसावा आणि पाणबुड्याने लवकर वर यावे, यासाठी ही योजना आहे, हे मला त्यांनीच तिथे काठावर बसून समजावले होते. मी थकून बाहेर आले की ते स्वतः उडी घेत आणि घड्याळ हातातच असे.

बाबा २०११ च्या नोव्हेंबरात गेले. घड्याळ थोरल्या मुलाकडे जायचे हे घरात न विचारताच ठरले, आणि मीही तेव्हा काही म्हटले नाही. पुढच्या मे महिन्यात पुतण्याची मुंज होती. मुंजीत हातात शोभून दिसावे म्हणून दादाने ते शहरातल्या एका घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानात पॉलिशला दिले. दोन दिवसांनी ते परत आले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केले. मी ते हातात घेतले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. या घड्याळाचे पट्टा अडकवण्याचे जे चार कान असतात, त्यांचा वरचा भाग मुद्दाम रेघांचा, मंद ठेवलेला असतो आणि बाजू आरशासारखी असते; या दोन पृष्ठभागांच्या मधली कड बोटाला जाणवते. ती कड नाहीशी झाली होती. वरचा भाग बाजूइतकाच चकचकीत आणि कान साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गोल झाले होते. पट्ट्याच्या कड्यांच्या सांध्यांमध्ये बफच्या, म्हणजे पॉलिशच्या चाकाच्या, लेपाचा हिरवट मळ अडकला होता, तो मी टाचणीने काढला. झिजवलेला धातू सहजासहजी कोणी परत लावून देऊ शकत नाही. लेझर-वेल्डिंगने भर घालून कान पुन्हा घडवणारे कारागीर जगात आहेत, परंतु तो खर्च आणि तो भरवसा आपल्या गल्लीतल्या दुकानाकडून मिळणारा नव्हे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वर्षश्राद्धासाठी आम्ही सगळे चांदोदला गेलो. बडोद्याची कितीतरी घरे या विधींसाठी नर्मदेकाठी तिथेच जातात. दादा स्नानासाठी पाण्यात उतरला तेव्हा घड्याळ हातात होते. वहिनी म्हणाली, “अहो, घड्याळ काढा.” तो म्हणाला, “पाण्याचंच घड्याळ आहे, बाबा कधी काढायचे?” कमरेएवढे पाणी होते आणि त्याने तीन बुड्या मारल्या. परतीच्या वाटेवर डभोईला चहासाठी थांबलो तेव्हा मी पाहिले की, काचेच्या आतून सहाच्या खुणेपाशी वाफेचा एक अर्धचंद्र उमटला आहे. ३०० मीटरचे, म्हणजे सुमारे ३० वातावरणांचा जादा दाब सोसण्याचे माप तबकडीवर लिहिलेले घड्याळ, ज्याला कारखान्यात त्याहून आणखी २५ टक्के अधिक दाबाखाली तपासलेले असते, ते कमरेएवढ्या नदीत बुडाले.

कारण मला नंतर मुंबईत कळले. पॉलिश करणाऱ्या दुकानाने मागचे झाकण उघडले होते आणि जुनेच रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारे कडे, तसेच दाबून पुन्हा बंद केले होते. ज्या वृद्ध कारागिराने ते घड्याळ दुरुस्त केले, त्यांनी ते गॅस्केट चिमट्यात धरून मला भिंगाखाली दाखवले: एका जागी ते चिमटले जाऊन चपटे झाले होते, आणि तेवढी जागा पाण्याला पुरेशी होती. चावीचा, म्हणजे वेळ लावायच्या बाजूच्या गुंडीचा, यात दोष नव्हता. रोलेक्सचे चिन्ह असलेल्या त्या सोन्याच्या चावीवर चिन्हाखाली तीन ठिपके असतात. ती ट्रिपलॉकची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या तिहेरी बंदोबस्ताची खूण, आणि ती चावी पूर्ण आवळलेली होती.

मधल्या काळात मात्र घरात जे झाले, ते मला अजूनही लागून राहिले आहे. घड्याळ बंद पडल्यावर दादा ते घेऊन बडोद्याच्या घडियाळी पोळेत एका सराफाकडे गेला, यातले सोने किती भरेल हे विचारायला. सराफाने प्रामाणिक उत्तर दिले. सोने १८ कॅरटचे आहे, म्हणजे हजारात ७५० भाग. पट्ट्याच्या मधल्या कड्या आतून पोकळ आहेत. तोडून वितळवले तर हातात फारसे काही येणार नाही. त्या रात्री जेवताना दादा म्हणाला, “धड दागिना नाही, धड घड्याळ नाही. टू-टोन म्हणजे हे असंच.” आणि ते माझ्याकडे सरकवून म्हणाला, “तुला हवं तर घे.” मी घेतले.

आपण विचारलेल्या ‘दिखाऊ दिसते का’ या प्रश्नाचे माझे उत्तर या वाक्याशी जोडलेले आहे, कारण दादाचे म्हणणे पुष्कळ लोकांचे असते आणि ते साफ चुकीचे आहे. काठपदराच्या साडीला कोणी ‘धड रेशीम नाही, धड जर नाही’ असे म्हणत नाही; काठ कुठे आहे आणि अंग कुठे आहे हे पाहणाऱ्याला कळते. या घड्याळात सोने कुठे आहे ते नीट पाहा. चावी, बेझलचे कडे आणि पट्ट्याच्या मधल्या कड्या, म्हणजे ज्यांना आपली बोटे रोज लागतात त्या जागा सोन्याच्या आहेत. दाब आणि आघात सोसणारे मधले अंग, मागचे झाकण, पट्ट्याच्या बाहेरच्या कड्या हे सारे स्टीलचे आहे. सोने मऊ आहे, त्यावर ओरखडे लवकर उठतात, परंतु खाऱ्या पाण्याने ते गंजत नाही. सोने आणि स्टील एकत्र वापरण्याच्या या पद्धतीचे ‘रोलेसर’ हे नाव कंपनीने १९३३ साली नोंदवले, म्हणजे १९५३ च्या पहिल्या सबमरिनरच्या वीस वर्षे आधी. सबमरिनरमध्ये हे मिश्रण १९८० च्या दशकात आले. कंपनीने आपल्या दोन जुन्या गोष्टी एका घड्याळात आणल्या, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नाही. माझ्या वडिलांनी ते तेलकट हातांनी इंजिनरूममध्ये वापरले, त्याच हाताने ते लग्नांना गेले, आणि दोन्हीकडे ते शोभले. दिखाऊपणा घड्याळ घालणाऱ्याच्या वागण्यात असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण ते घालून बाहीची बटणे मुद्दाम उघडी ठेवणार असाल, तर पूर्ण स्टीलचेही दिखाऊच दिसेल.

मुंबईच्या त्या कारागिरांकडे घड्याळ जवळपास चार महिने होते. त्यांनी यंत्र पूर्ण उघडून साफ केले, सगळी गॅस्केट नवी घातली आणि माझ्यासमोर दाबाच्या यंत्रात तपासून दाखवले. तबकडीवर सहाच्या खुणेशेजारी ओलाव्याचा एक मोहरीएवढा डाग राहिला आहे. ती तबकडी बदलायची का, असे त्यांनी विचारले आणि मी नाही म्हणाले. त्या वर्षांतल्या काही निळ्या तबकड्या उन्हाने हळूहळू जांभळट होत जातात. बाबांची तशी झाली आहे, आणि दुपारच्या उजेडात ती कृष्णकमळाच्या रंगाची दिसते. तो रंग बावीस वर्षे त्यांच्या मनगटावर राहून आलेला आहे. नव्या तबकडीत तो मला कुठून मिळणार होता?

तेव्हापासून ते माझ्या हातात आहे. ४० मिलिमीटरचे घड्याळ बाईच्या हाताला मोठे दिसते असे मला अनेकांनी सांगितले. मला ते मोठे वाटत नाही. मी आठवड्यातून चार दिवस पोहते आणि ते घालूनच पोहते, आणि दर वर्षी उन्हाळ्यापूर्वी त्याची दाबचाचणी करून घेते.

आता दादाचे म्हणणे बदलले आहे. या घड्याळांना जुन्या बाजारात काय भाव आहे हे त्याला कोणीतरी सांगितले, आणि गेल्या दिवाळीत तो म्हणाला की, मी ते रोज पाण्यात घालून खराब करते आहे, ते लॉकरमध्ये ठेवावे आणि पुतण्याच्या लग्नात त्याला द्यावे. मी त्याला सांगितले ते आपल्यालाही सांगते. लॉकरमध्ये ठेवलेल्या घड्याळातले तेल जुने व्हायचे थांबत नाही आणि गॅस्केटचे रबरही कडक व्हायचे थांबत नाही. दहा वर्षांनी बाहेर काढलेले न वापरलेले घड्याळ दिसायला सुंदर आणि पाण्यात जायला अपात्र असते. या घड्याळाचे नुकसान बाबांच्या बावीस वर्षांच्या वापराने झाले नाही, माझ्या पोहण्याने झाले नाही. ते एका समारंभासाठी केलेल्या दोन दिवसांच्या चकचकीने झाले. पुतण्याला ते मी जरूर देईन. त्याला चांगले पोहता येते, आणि ते लालबागच्या पाण्यात नेण्याची तयारी त्याने दाखवली की त्याच दिवशी देईन, लग्नाची वाट पाहणार नाही.

आपल्या बाकीच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात. भावाचाच विचार असेल तर पूर्ण स्टीलच्या सबमरिनरला मागणी अधिक असते आणि ते विकायला सोपे जाते; टू-टोनला मागणी आहे, परंतु गिऱ्हाईक निवडक असते. म्हणून पाच वर्षांत विकायचे असेल तर स्टीलचे घ्या. स्वतः घालायचे असेल तर माझे मत आपल्याला एव्हाना कळले असेल.

मात्र काही गोष्टी तपासल्याशिवाय घेऊ नका, आणि हे मी आधीच लिहायला हवे होते. १९९० च्या सुमाराच्या तबकडीवरचे चमकणारे ठिपके ट्रिटियम या किरणोत्सर्गी द्रव्याचे असतात. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२ वर्षांचे आहे, म्हणजे दर तेवढ्या काळात ते निम्मे उरते, त्यामुळे ते ठिपके आज अंधारात जवळजवळ दिसतच नाहीत आणि त्यांचा रंग मलईसारखा पिवळट झालेला असतो. विक्रेता दिवा मालवून ते झगमगताना दाखवत असेल तर तबकडी बदललेली आहे किंवा ठिपके नव्याने भरलेले आहेत, आणि किंमत त्या हिशेबाने उतरली पाहिजे. ठिपके आणि काटे यांचा रंग एकमेकांशी जुळतो का तेही पाहा. घड्याळ आडवे धरा आणि पट्टा किती खाली लोंबतो ते पाहा. मधल्या कड्या पोकळ असल्यामुळे या काळातले पट्टे वापराने सैल होतात, आणि फार लोंबणारा पट्टा दुरुस्त करणे महाग पडते. भरीव कड्या २००९ च्या पुढच्या मॉडेलमध्ये आल्या. पट्टा काढायला लावून बाराच्या बाजूच्या कानांमधला मॉडेल क्रमांक आणि सहाच्या बाजूचा अनुक्रमांक वाचा, आणि कागदपत्रे असतील तर त्यांच्याशी ताडून पाहा. घड्याळांना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे सराफाच्या दुकानातल्या दागिन्यासारखा शिक्का त्यावर शोधू नका. कंपनीचा स्वतःचा १८ कॅरटचा ठसा असतो. बनावट घड्याळे आता इतकी हुबेहूब असतात की, झाकण उघडून आतले यंत्र पाहू शकणाऱ्या माणसाला सोबत नेणे हाच उपाय आहे. मात्र झाकण उघडले की नवे गॅस्केट आणि दाबचाचणी झाल्याशिवाय ते घड्याळ हात धुतानाही घालू नका.

आणि विक्रेत्याला आजच फोन करून सांगा की घड्याळ आहे त्या स्थितीत हवे आहे, ते बफच्या चाकाला लावायचे नाही. त्याने आधीच लावले असेल, तर चारही कानांच्या कडा बोटाने चाचपून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.