लिबरल आर्ट्सची दोन वर्षं आणि बारा हजारांचं कर्ज

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. तिघांनाही ग्रीन कार्ड मिळालंय. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला लिबरल आर्ट्समध्ये असोसिएट डिग्री, म्हणजे दोन वर्षांची पदवी, करायची आहे, पुढे बहुतेक मानसशास्त्र. काउंटी कॉलेज, म्हणजे इथलं सरकारी कम्युनिटी कॉलेज, घराजवळच आहे. पण एका खासगी कॉलेजानेही याच डिग्रीसाठी बोलावलंय. तिथे दोन वर्षांत तिच्या नावावर 12,000 डॉलरचं फेडरल कर्ज होईल, शिवाय थोडं मला काढावं लागेल. सरकारी साइटवर या डिग्रीनंतरची कमाई पाहून बायकोने कपाळाला हात लावला. मेहुणे म्हणतात, नर्सिंग नाहीतर कॉम्प्युटर. काय करावं? आणि मंडळात कुणी विचारलं तर काय सांगायचं, हा बायकोचा प्रश्न.

उत्तर : काउंटी कॉलेज. खासगी कॉलेजाला आजच नकार कळवून टाका.

वहिनींनी पाहिली ती साइट म्हणजे बहुधा कॉलेज स्कोअरकार्ड. शिक्षण खात्याचीच आहे, आकडे खरे आहेत. पण ते कुणाचे, हे बघायला हवं. कमाईचा आकडा फक्त फेडरल मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचा असतो, आणि मोजणीच्या वेळी जे पुढे शिकत असतात त्यांना त्यातून वगळलेलं असतं. लिबरल आर्ट्सची असोसिएट डिग्री बरेच जण पुढे बॅचलर्सला, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला, जायचं म्हणूनच घेतात. म्हणजे ज्यांचा बेत जमला त्यातले अनेक जण या आकड्यात नाहीतच. कर्जाच्या आकड्याचंही तसंच. तो फक्त कर्ज काढलेल्यांचा मध्य असतो. काउंटी कॉलेजातले बहुतेक विद्यार्थी कर्ज काढतच नाहीत, ते त्यात कुठून दिसणार?

मेहुण्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. कामगार खात्याच्या 2023 च्या आकडेवारीत असोसिएट डिग्रीवाल्यांची मध्यम कमाई आठवड्याला 1,058 डॉलर होती, नुसत्या हायस्कूलवाल्यांची 899, बॅचलर्सवाल्यांची 1,493. असोसिएटचा हा आकडा वर ओढतात त्या नर्सेस आणि तंत्रज्ञ. लिबरल आर्ट्सची डिग्री घेऊन जो तिथेच थांबला, त्याने 159 डॉलरचा हा फरक आपला धरून चालू नये.

समजा तिला वर्षाला 3,000 डॉलरच जास्त मिळाले. कर कापून 2,400 च्या आसपास हातात येतील. 12,000 चं कर्ज 6.39 टक्क्यांनी, म्हणजे 2025-26 च्या दराने, दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण 136 डॉलर, वर्षाला 1,600 च्या वर. कमाईतल्या वाढीचा दोन तृतीयांश हप्त्यातच गेला. तुमच्या नावावरचं कर्ज तर पेरेंट प्लस, म्हणजे पालकांना मिळणारं फेडरल कर्ज, असणार, त्याचा 2025-26 चा दर 8.94 टक्के. ते अजिबात काढू नका. मुलीने पुढचं शिक्षण सोडलं तरी तुमचा हप्ता चालूच राहतो.

आणि शिक्षण सुटतं, दादा. मी काउंटी कॉलेजात सल्लागार होते तेव्हा माझ्या टेबलासमोर बसणारं जवळजवळ प्रत्येक पोर 'पुढे बॅचलर्स करणार' म्हणायचं. देशभरात कम्युनिटी कॉलेजात शिरणाऱ्यांपैकी चार वर्षांच्या कॉलेजात पोचतो तो तिघांत जेमतेम एक. पोरं आळशी नसतात. कुणाला कामाचे तास वाढवून मिळतात, कुणाची गाडी बंद पडते, कुणाचे क्रेडिट्स, म्हणजे पास झालेल्या विषयांची नोंद, नव्या कॉलेजात धरलेच जात नाहीत. संसदेच्या लेखापाल कार्यालयाने, म्हणजे गाओने, 2017 च्या अहवालात सांगितलं होतं की कॉलेज बदलताना सरासरी 43 टक्के क्रेडिट्स वाया गेले. पैसे भरून पास झालेले विषय पुन्हा पैसे भरून शिकायचे! म्हणून या डिग्रीचा हिशेब, मुलगी इथेच थांबली तर काय, असाच मांडावा. तरीही अंगावर कर्ज नसेल, तर बिघडण्यासारखं फारसं काही उरत नाही.

क्रेडिट्सच्या बाबतीत तुमचं राज्य बरं आहे. 2007 च्या लॅम्पिट कायद्यामुळे न्यू जर्सीच्या काउंटी कॉलेजातून ए.ए. किंवा ए.एस. ही असोसिएट डिग्री पूर्ण केली, तर राज्याच्या सरकारी विद्यापीठात ते क्रेडिट्स धरले जातात आणि तिसऱ्या वर्षापासून शिकता येतं. पण डिग्री पूर्ण हवी. एक सेमिस्टर राहिलं असताना उडी मारली तर हे संरक्षण मिळत नाही. ए.ए.एस. नावाची तिसरी डिग्री असते, ती यात बसत नाही. फॉर्म भरताना अक्षरं नीट वाचा. शिवाय हा कायदा क्रेडिट्सची हमी देतो, प्रवेशाची नाही. मानसशास्त्रासाठी आधी कोणते विषय लागतात ते तिने पहिल्याच सेमिस्टरला एनजे ट्रान्सफर या क्रेडिट्सची माहिती देणाऱ्या साइटवर काढावं आणि रटगर्स या राज्याच्या विद्यापीठाच्या ट्रान्सफर ऑफिसकडून ईमेलवर लेखी घ्यावं. फोनवरचं 'हो, चालेल' नंतर कुणाला आठवत नाही.

फाफसा, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज, भराच, आमचं उत्पन्न जास्त आहे म्हणून सोडू नका. ग्रीन कार्ड आहे, म्हणजे मुलगी पात्र आहे. पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी फेडरल मदत, कमाल 7,395 डॉलर असते आणि ती परत करायची नसते. घरचं समायोजित उत्पन्न 65,000 च्या आत असेल तर काउंटी कॉलेजची फी राज्याच्या अनुदानातून माफ होऊ शकते. मुलगी शाळेत पहिल्या 15 टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स या राज्याच्या शिष्यवृत्तीबद्दल तिच्या काउन्सेलरला याच आठवड्यात विचारा. एवढं करून काही कमी पडलं, तर सब्सिडाइज्ड कर्जापुरतंच थांबा. शिकत असताना त्याचं व्याज सरकार भरतं.

मेहुण्यांना सांगा, नर्सिंगचा पगार चांगला असतो, मान्य. पण तुमच्या पत्रात मुलीला नर्सिंग आवडतं असं कुठेच नाही.

वहिनींसाठी : मंडळात विचारलं तर 'काउंटी कॉलेजात जाते' असं सरळ सांगा. पुढचा प्रश्न बहुतेक फी किती, हा येईल. तेव्हा आकडा सांगा आणि समोरच्याला त्यांच्या मुलाची फी विचारा.