पासिंगवाल्या काकांना विचारा

(काकांनी 31 वर्षं बेळगावात गाड्यांच्या पासिंगची कामं केली. आरटीओ कचेरीसमोर झाडाखाली त्यांचं टेबल असायचं. आता टेबल मोडलं, पण माणसं विचारायची थांबली नाहीत.)

निपाणीहून एक वाचक : काका, पेट्रोल गाडी बघून ठेवली आहे, एक्स-शोरूम 9 लाख 90 हजारांची. शोरूमवाला म्हणतो, कर्नाटकात टॅक्स दीड लाखाच्या वर जाईल. माझे मेहुणे कोल्हापुरात राहतात. त्यांच्या पत्त्यावर एमएच-09 नंबर घेतला तर बरेच पैसे वाचतात म्हणे. घ्यावी का?

काका : वाचतात हे खरं आहे, आधी ते मान्य करतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, काका कर्नाटक सरकारचे जावई.

आपल्याकडे कारचा आजीवन कर किंमतीप्रमाणे चढतो. 5 लाखांपर्यंत 13 टक्के, 10 लाखांपर्यंत 14, 20 लाखांपर्यंत 17 आणि त्यापुढे 18. या करावर आणखी 11 टक्के उपकर. तुमच्या गाडीचे 14 टक्के म्हणजे 1,38,600, उपकर 15,246, एकूण 1,53,846 रुपये. तीच गाडी महाराष्ट्रात 11 टक्क्यांत बसते, म्हणजे 1,08,900. पंचेचाळीस हजारांच्या आसपास फरक पडतो. तुमच्या घरापासून कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर, तेव्हा मोह होणारच. माझ्या टेबलावर दर दिवाळीला असे चार-पाच जण यायचे.

पण टॅक्स कुठे भरायचा हे गाडी कुठे विकत घेतली यावर ठरत नाही, मालक राहतो कुठे आणि गाडी एरवी उभी असते कुठे यावर ठरतं. मोटार वाहन कायद्याचं 40 वं कलम तेच सांगतं. कोल्हापूरच्या शोरूममधून गाडी खुशाल घ्या, त्याला कुणाची ना नाही. तात्पुरत्या नंबरवर इकडे आणा आणि चिक्कोडीचा केए-23 घ्या. मेहुण्यांच्या पत्त्याचा खोटा भाडेकरार मात्र करू नका. खोट्या कागदावर नोंदणी केली तर 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 192-बी कलमात सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. दंड वेगळा, वार्षिक कराच्या दहापट किंवा आजीवन कराच्या दोन तृतीयांश, यातला जो जास्त भरेल तो. 1,08,900 चे दोन तृतीयांश 72,600 होतात. आता वाचलेल्या पंचेचाळीस हजारांचा हिशेब तुम्हीच मांडा.

दुसरी वाट काही जण मला हळूच सांगायचे : गाडी मेहुण्यांच्याच नावावर घ्यायची आणि वापरायची आपण. त्यात खोटा कागद नाही, कबूल. पण मग गाडी मेहुण्यांची झाली, हे ध्यानात असू द्या. विमा त्यांच्या नावावर, अपघात झाला तर नोटीस त्यांच्या दारात, आणि पुढे दोघांत बिनसलं तर किल्ली तुमच्या हातात आणि आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, त्यांच्या कपाटात. बिनसलेली दोन घरं मी माझ्या टेबलासमोर भांडताना बघितली आहेत.

शिवाय तारखेचा फास आहेच. परराज्याच्या नंबरची गाडी सलग 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, हे 47 वं कलम. त्यासाठी कोल्हापूरहून एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणायची, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती घ्यायची आणि मग इथला आजीवन कर भरायचा. तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी लागतो, आणि वय पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. तिकडच्या उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो, पण आधी इथे भरा, मग तिथे अर्ज करा. हा सगळा फेरा केल्यावर पंचेचाळीसातले किती उरतील? उलट मेहुणे खरोखरच कोल्हापूरहून दर रविवारी तुमच्याकडे येत असतील तर त्यांना घाबरायचं कारण नाही. कोगनोळीच्या टोलनाक्याच्या नोंदी जपून ठेवायला सांगा, गाडी जाते-येते हे त्यावरून दाखवता येतं.

जाता जाता एक. तुमची गाडी 10 लाखांच्या आत आहे, तिला आतच राहू द्या. वरचं मॉडेल 10 लाख 10 हजारांना मिळतं म्हणून शोरूममधला पोरगा गळ घालेल. तेव्हा 17 टक्के फक्त वरच्या दहा हजारांवर लागत नाहीत, सगळ्या किमतीवर लागतात. कर आणि उपकर मिळून 1,90,587. वीस हजारांच्या जादा गाडीसाठी जवळजवळ 37 हजार जादा कर! सनरूफ उघडून आभाळ बघायला एवढे पैसे कशाला, आपल्याकडे गच्ची आहे की ओ.

शहापूर, बेळगावहून एक शिक्षिका : डिसेंबरमध्ये सूट चांगली आहे, पण भाऊ म्हणतो जानेवारीत पासिंग कर, म्हणजे गाडी एक वर्ष तरुण राहील. खरं का?

काका : निम्मं खरं. आरसीवर दोन तारखा असतात, नोंदणीची तारीख आणि गाडी बनवल्याचा महिना-साल. पासिंग जानेवारीत केलं तर पहिली बदलेल, दुसरी कशी बदलणार? जुन्या गाड्यांचा व्यापारी आरसी हातात घेतो तेव्हा त्याचा अंगठा आधी बनवल्याच्या सालावर जातो. तेव्हा सूट घ्यायची तर डिसेंबरातच घ्या आणि पासिंगही करून टाका. जानेवारी हवी असेल तर नव्या सालात बनलेली गाडी मागा आणि सूट विसरा. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत. पैसे भरण्याआधी विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 21, दाखवा म्हणावं. त्यावर बनवल्याचा महिना लिहिलेला असतो. दसऱ्याची गर्दी ओसरल्यावरही महिनोन्महिने यार्डात उन्हापावसात उभ्या राहिलेल्या गाड्याच डिसेंबरात पुढे ढकलतात, तेव्हा टायर आणि बॅटरीही बघा.

आणि हो, कराचा दर बुकिंगच्या दिवसाचा लागत नाही, नोंदणीच्या दिवसाचा लागतो. महाराष्ट्रात 1 जुलै 2025 पासून सीएनजी गाड्यांचा कर एक टक्क्याने वाढला. जूनमध्ये बुकिंग करून जुलैत पासिंग केलेल्यांना वाढीव दरच भरावा लागला.

खानापूर तालुक्यातून एका जवानाच्या पत्नी : यांची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते. बीएच नंबर घ्यावा का?

काका : ताई, तुमच्यासाठीच तो आहे. बीएच म्हणजे भारत, कुठल्याही राज्यात चालणारा नंबर. सप्टेंबर 2021 पासून सुरू झाला. सैन्यातले, सरकारी नोकर आणि चार किंवा जास्त राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांचे लोक तो घेऊ शकतात. 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला दर 8 टक्के, तोही जीएसटी सोडून उरलेल्या किमतीवर, आणि एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा. बदली झाली तरी एनओसी नको, परतावा नको. फक्त दर दोन वर्षांनी ती तारीख आठवणीत ठेवायची, चुकली की रोजचा दंड. यजमान सीमेवर असतील, तेव्हा तारीख तुम्हीच कॅलेंडरवर लिहा. नंबराच्या सुरुवातीचे दोन आकडे नोंदणीचं साल सांगतात, त्यामुळे विकताना गाडीचं वय लपत नाही, एवढीच त्याची खोड.

अथणीहून एक वाचक : दसऱ्याला गाडी दारात हवी आहे. त्यासाठी पितृपक्षात पासिंग करावं लागेल, आई नको म्हणते.

काका : आईंना माझं सांगा. 2007 साली माझी स्वतःची गाडी मी 5 ऑक्टोबरला, ऐन पितृपक्षात पासिंग केली. आमच्या आईने ती दारात आणू दिली नाही, म्हणून शोरूममध्येच ठेवली आणि 21 तारखेला दसऱ्याला झेंडूची माळ घालून आणली. नंबराशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा कागद आधी आणि पूजा मुहूर्तावर, हीच रीत. पितरांनी काही वाकडं केलं नाही.

वाकडं मीच केलं. आरसीची 15 वर्षं मी दसऱ्यापासून मोजत बसलो. 2022 चा दसरा 5 ऑक्टोबरला आला. मी गाडी धुतली, पूजा केली, नारळ फोडला आणि हिला घेऊन कपिलेश्वराच्या दर्शनाला गेलो. संध्याकाळी नूतनीकरणाचे कागद काढले तर मुदत 4 तारखेला संपलेली! मुदतीच्या 60 दिवस आधीपासून अर्ज करता येतो, हे मी 31 वर्षं लोकांना सांगत आलो होतो. नूतनीकरणाची फी त्याच वर्षी एप्रिलपासून 600 ची 5,000 झालेली, वर उशिराचे 500. खिडकीतला क्लार्क माझ्याकडून कुंदा खाल्लेला माणूस. पावती देताना वर बघून म्हणाला, "काका, तुम्ही पण?"