तोंडी आदेश आणि नंतरचा नकार

प्रश्न : मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहे. आमचे साहेब तोंडी आदेश देतात आणि काही बिनसले की ‘मी असे सांगितलेच नव्हते’ म्हणत सर्वांसमोर मलाच फैलावर घेतात. काय करावे?

उत्तर : केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम ३ नुसार वरिष्ठांनी आदेश शक्यतो लेखीच द्यावयाचे असतात, आणि तोंडी आदेश मिळाल्यास कनिष्ठाने त्याची लेखी पुष्टी लवकरात लवकर मागावयाची असते. तरीही हा नियम पहिल्याच दिवशी साहेबांच्या तोंडावर फेकू नये. दुखावलेला वरिष्ठ अधिकच अडवणूक करतो. ‘आपल्या आजच्या सूचनेनुसार पुढील कार्यवाही करीत आहे, कृपया मान्यता द्यावी’ अशी टिपणी त्याच दिवशी नस्तीवर (फाइलवर) सादर करावी.