नागरी समाजात राजकीय पक्ष मोडतो का?

प्रश्न असा आला आहे: ‘सिव्हिल सोसायटी’ला, म्हणजे सरकारबाहेर लोकांनी स्वतःहून उभ्या केलेल्या संघटनांच्या जगाला, ‘नागरी समाज’ म्हणणं बरोबर आहे का, आणि राजकीय पक्ष त्यात धरायचे का?

शब्द रूढ झालाय, चूकही नाही. तरी मला तो खटकतो. मराठीने ‘सिव्हिल’ला कधी एकाच शब्दात कोंबलं नाही: कोर्ट दिवाणी, अधिकारी सनदी, युद्ध यादवी, कायदेभंग सविनय. ‘नागरी’ तर दोन घरचा पाहुणा. ‘समान नागरी कायद्या’त तो नागरिकाचा, ‘नागरी सहकारी बँके’त शहराचा. म्हणून नंदुरबारच्या दुर्गम धडगावातल्या धरणग्रस्तांच्या संघटनेला ‘नागरी समाज’ म्हटलं की वाचक अडखळतो. ‘नागरिक समाज’ त्यातल्या त्यात बरा. ‘स्वयंसेवी संस्था’ हा पर्याय नव्हे, कारण कामगार संघटना किंवा वकिलांची संघटना त्यात बसत नाही.

वस्तू मात्र आपल्याकडे शब्दाच्या खूप आधीची. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायला पन्नास जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र लागे. मतपेटी नव्हती त्या काळात ‘आम्ही कोणाच्या वतीने बोलतो’ याचं हे उत्तर होतं. (आजच्या कित्येक संस्थांना हा नियम लावून पाहावा!) १८७६-७७च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. ही सभा पक्ष नव्हती, पण राजकारण तिच्यात पुरेपूर होतं. १८९५मध्ये ती टिळकांच्या गटाकडे गेली आणि पुढच्या वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: राजकारण करतो म्हणून कोणी पक्ष ठरत नाही. निवडणूक लढवून सत्ता मागतो, तो पक्ष. अभ्यासकांत यावर मतभेद आहेत, काही जण पक्षांनाही नागरिक समाजातच धरतात. मी धरत नाही. ही रेघ ओलांडता येते, हे मात्र खरं. १९४६च्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेचीच मागणी घेऊन १९५६मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली आणि १९५७ची निवडणूक लढली. समिती पक्ष नव्हती, पक्षांची आघाडी होती, तरी मतदारासमोर ती पक्षासारखीच उभी राहिली.

‘सिव्हिल सोसायटी’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला तो २०११मध्ये. लोकपाल कायद्याच्या मसुदा समितीत पाच मंत्री आणि समोर नागरिक समाजाचे अण्णा हजारे धरून पाच जण. नोव्हेंबर २०१२मध्ये त्यातल्या काहींनी आम आदमी पक्ष काढला, अण्णा बाहेर राहिले. लिहिताना तारीख पाहावी: केजरीवाल २०११च्या मजकुरात ‘नागरिक समाजाचे प्रतिनिधी’, २०१३च्या मजकुरात ‘पक्षनेते’.